चार शर्यती, चार पार्क आणि दोनच पाय: डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा धावायला जाणाऱ्यांसाठी

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या शर्यती पहाटे ५ वाजता सुटतात. हॉटेलवरून शर्यतीची बस ३ च्या आसपास पकडायची, म्हणजे अडीचला उठणं आलं. पार्कमधली आतषबाजी मात्र रात्री ८ नंतर कधीतरी असते, आणि ती संपल्यावर गर्दीतून बाहेर पडून, बससाठी रांग लावून खोलीवर पोचेपर्यंत सहज ११ वाजतात. या दोन वेळा शेजारी शेजारी लिहून पाहिल्या की सगळा प्रश्न समोर येतो. बहुतेक नवखे लोक पायांची काळजी करतात. माझ्या अनुभवात आधी संपते ती झोप.

पहिल्या खेपेला १० के (१० किलोमीटर) धावून मी त्याच संध्याकाळी मॅजिक किंगडम या पार्कमध्ये आतषबाजीसाठी थांबले होते. दुसऱ्या दिवशीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये पाय चालत होते, पण सातव्या मैलानंतर डोळे मिटायला लागले. तिथल्या किल्ल्यातून धावत जाण्याचा जो क्षण मी वर्षभर डोळ्यांसमोर आणला होता, तो आता मला धड आठवतही नाही. तुमचा तो क्षण असा हातातून जाऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी वीकेंड निवडा

फ्लोरिडात रनडिस्नेचे (डिस्नेच्या शर्यती भरवणारी शाखा) वर्षाला चार मोठे वीकेंड असतात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाइन अँड डाइन, जानेवारीत मॅरेथॉन वीकेंड, फेब्रुवारीत प्रिन्सेस आणि एप्रिलमध्ये स्प्रिंगटाइम सरप्राइज. यांत सगळ्यात जुना मॅरेथॉनचा. इथली पहिली फुल मॅरेथॉन १९९४ च्या जानेवारीत झाली. २००६ मध्ये शनिवारी हाफ आणि रविवारी फुल धावण्याचं 'गूफी' चॅलेंज आलं आणि २०१४ मध्ये 'डोपी'. डोपी म्हणजे गुरुवारी ५ के, शुक्रवारी १० के, शनिवारी हाफ आणि रविवारी फुल, एकूण ४८.६ मैल, म्हणजे ७८ किलोमीटरच्या थोडं वर. सगळं पूर्ण केलं की सहा पदकं मिळतात, आणि त्या सहा पदकांच्या ओढीने पुष्कळ जण पहिल्याच वर्षी डोपीला नाव घालतात.

मी तसं करू नका म्हणेन. पार्कही नीट बघायचे असतील तर पहिल्यांदा १९.३ मैलांचं, म्हणजे ३१ किलोमीटरचं चॅलेंज घ्या. प्रिन्सेस आणि वाइन अँड डाइनमध्ये ते १० के अधिक हाफ असं असतं, तर स्प्रिंगटाइममध्ये ५ के, १० के आणि १० मैल असं तीन दिवसांत विभागलेलं. दोन-तीन दिवस सलग उठण्याची सवय होते, शर्यतीची बस, बिब (छातीवर लावायचा क्रमांक), कॉरल (सुटण्याआधी थांबायची आखलेली जागा) हे सगळं कळतं आणि संध्याकाळी पायांत थोडा जीव उरतो.

ऋतूचाही विचार करा. जानेवारीत कधी थंडीने दात वाजतात, तर कधी पहाटेच दमट उकाडा असतो, आणि हे दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं. एप्रिलमध्ये ऊन लवकर चढतं. वाइन अँड डाइनच्या वेळी एपकॉट पार्कमध्ये खाण्यापिण्याचा महोत्सव चालू असतो, तो आकर्षक आहे, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटाला धोकादायकही. काही वर्षी याच वीकेंडच्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं साधं घड्याळ बदलत नाही, म्हणून गजर कशावर लावताय ते आदल्या रात्री तपासा.

नोंदणी, आणि पेसबद्दल स्पष्ट बोलणं

नोंदणी शर्यतीच्या कित्येक महिने आधी उघडते आणि चॅलेंजच्या जागा सगळ्यांत आधी जातात. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, नाव दुसऱ्याला देता येत नाही आणि पुढच्या वर्षावर ढकलताही येत नाही. म्हणून विमानाचं तिकीट नोंदणीनंतरच काढा. हाफसाठी वय किमान १४ आणि फुलसाठी १८ लागतं, मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मैलाला १६ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण १० मिनिटं, हा किमान वेग (पेस) आहे. सगळ्यांत शेवटी निघणाऱ्या स्वयंसेविका हातात फुगे घेऊन याच वेगाने चालत येतात, त्यांना सगळे 'बलून लेडीज' म्हणतात. त्या पुढे गेल्या आणि तुम्ही फार मागे पडलात, तर बसमध्ये बसवलं जाऊ शकतं. १६ मिनिटं ऐकायला सोपं वाटतं. पण वाटेत मिकी-मिनीसोबत फोटो काढायला रांगा असतात, शौचालयाला रांगा असतात, आणि तेवढा वेळ घड्याळ थांबत नाही. फोटो हवेच असतील तर घरी सराव करताना १४ मिनिटांच्या पेसची तयारी ठेवा. अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केलेली 'धाव-चाल-धाव' पद्धत इथे पुष्कळ जण वापरतात, आणि नवख्यांना ती खरोखर उपयोगी आहे: ठरलेला वेळ धावायचं, दम लागायच्या आतच ठरलेला वेळ चालायचं, आणि हे पहिल्या मैलापासून करायचं.

सराव करताना पार्कचाही सराव करा

पार्कमध्ये पूर्ण दिवस घालवला की १२ ते १५ किलोमीटर चालणं होतं. एपकॉट तर सुमारे ३०० एकरांचं आहे. त्यातल्या ११ देशांच्या दालनांची तळ्याभोवतीची फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. आता हिशेब मांडा. डोपीचे ७८ किलोमीटर, त्यात चार दिवस रोजचे १२ मिळवा, म्हणजे आणखी ४८. एका फुल मॅरेथॉनपेक्षा जास्त अंतर तुम्ही न मोजता पायांवर टाकलेलं असतं.

म्हणून सरावात सलग दिवसांची पळणी हवीतच (शनिवारी मध्यम, रविवारी लांब), आणि त्यातल्या निदान दोन शनिवारी सकाळी धावून आल्यावर दुपारी तीन तास सलग उभं राहा किंवा हळूहळू चाला. बाजार करा, एखादं प्रदर्शन बघा, काहीही. रेंगाळत चालणं आणि रांगेत उभं राहणं हे धावण्यापेक्षा वेगळं दुखतं. कंबर धरते, टाचा ठणकतात, पोटऱ्या जड होतात. हे घरी एकदा भोगलेलं असलं की तिथे घाबरायला होत नाही. शेवटच्या महिन्यात दोन-तीनदा पहाटे ३ ला उठून धावून बघा. आतड्यांनाही ती वेळ कळावी लागते.

राहायचं कुठे

डिस्नेच्या हॉटेलात खर्च जास्त होतो, पण शर्यतीच्या दिवशी दाराशी बस येते, आणि पहाटे ३ ला त्याची किंमत कळते. बाहेर राहून गाडीने जाणार असाल तर मार्गामुळे रस्ते बंद असतात, तेव्हा शर्यतीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतला रस्त्यांचा नकाशा आदल्या दिवशी वाचाच. बहुतेक शर्यती एपकॉटच्या पार्किंगमधून सुटतात. त्यामुळे स्कायलायनर या हवाई पाळण्याच्या वाटेवरची हॉटेलं मला सगळ्यांत सोयीची वाटतात. दुपारी एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओजला बसून जाता येतं, आणि कंटाळा आला की बसूनच परत येता येतं.

दिवसांची मांडणी

माझा साधा नियम असा: शेवटच्या शर्यतीच्या आधी अर्धे दिवस, नंतर पूर्ण दिवस. लोक नेमकं उलटं करतात. लवकर येतात, दोन दिवस पार्क पालथे घालतात आणि मग थकलेल्या पायांनी शर्यतीला उभे राहतात. सोमवारी विमान पकडून परत.

डोपीसाठी मी अशी मांडणी करेन. सोमवारी किंवा मंगळवारी पोचा. बुधवारी एक्स्पो (बिब वाटपाचं आणि दुकानांचं प्रदर्शन), ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स या क्रीडासंकुलाच्या आवारात. बिब स्वतः जाऊन घ्यावा लागतो, फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि शर्यतीच्या सकाळी तो मिळत नाही. एक्स्पोतल्या दुकानांच्या रांगा हा पहिला सापळा आहे. तिथे दोन तास काँक्रीटवर उभं राहणं म्हणजे फुकट गेलेले पाय. बिब, टी-शर्ट, ठरवलेली एखादी वस्तू, आणि निघा. त्या दिवशी पार्क नको, त्याऐवजी संध्याकाळी ७ ला झोपायचा प्रयत्न करा. झोप लागणार नाही, तरी दिवे घालवून पडून राहा. कॅलिफोर्नियाकडून येणाऱ्यांसाठी तर फ्लोरिडातले अडीच म्हणजे शरीराला आदल्या रात्रीचे साडेअकरा. त्यांनी दोन दिवस आधी यायलाच हवं.

गुरुवारी ५ के आटोपून सातपर्यंत खोलीवर आलात की नाश्ता, अंघोळ, आणि दोन तासांची झोप. ही झोप सोडू नका. उत्साहामुळे वाटतं की आता कशाला, पण शनिवारी ती सापडत नाही. साडेबारा-एकला पार्कमध्ये जा, चार-साडेचारला बाहेर, पाचला जेवण, सातला अंथरूण. शुक्रवारी हेच, फक्त तास-दीड तास कमी. शनिवारी, हाफच्या दिवशी, पार्क अजिबात नाही. फार तर तलावाकाठी बसा, पाय उंचावर ठेवा. चार दिवसांतला हा सगळ्यांत अवघड नियम आहे, कारण हाफ पूर्ण केल्यावर मन उड्या मारत असतं आणि गळ्यात पदक असतं. त्याच पायांनी दुसऱ्या दिवशी ४२ किलोमीटर जायचंय.

१९.३ मैलांच्या चॅलेंजमध्ये हीच मांडणी कमी दिवसांत बसते: १० के किंवा हाफच्या आदल्या दिवशी जास्तीत जास्त तीन तास पार्क.

तिकिटांचं गणितही यावरूनच ठरतं. डिस्ने वर्ल्डची तिकिटं तारखेला बांधलेली असतात आणि ठरावीक मुदतीत वापरावी लागतात. सहा दिवस राहणार म्हणून सहा दिवसांचं तिकीट काढू नका. दोन-तीन दिवसांचं पुरतं, आणि त्याची मुदत शर्यती संपल्यानंतरचे दिवस धरेल अशी सुरुवातीची तारीख निवडा. लाइटनिंग लेन मल्टी पास (पैसे भरून राइडच्या छोट्या रांगेतून जाण्याचा पास) घेणार असाल तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी आणि इतरांना ३ दिवस आधी वेळा निवडता येतात. शर्यतीच्या दिवशी घेताना वेळा दुपारी एक ते चारच्या मधल्याच निवडा. रांगेत कमी उभं राहायला मिळणं हा धावणाऱ्यासाठी चैनीचा नाही, गरजेचा खर्च आहे.

कोणत्या दिवशी कोणतं पार्क

शर्यतींच्या मधल्या दुपारी हॉलिवूड स्टुडिओज किंवा मॅजिक किंगडम. दोन्ही एपकॉटच्या मानाने आटोपशीर आहेत. मॅजिक किंगडम सुमारे १०७ एकरांचं. मात्र गाडीने जाणाऱ्यांना आधी वाहनतळ, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, मग प्रवेश असं करावं लागतं, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. हॉटेलच्या बस थेट दाराशी सोडतात. एपकॉट आणि ॲनिमल किंगडम शर्यती संपल्यानंतरसाठी राखून ठेवा. एपकॉट त्याच्या पसाऱ्यामुळे, आणि ॲनिमल किंगडम सकाळी लवकर जाण्यात मजा आहे म्हणून. तिथली सफारी सकाळच्या गारव्यात बघावी, प्राणी हालचाल करत असतात.

राइड निवडताना एकच प्रश्न विचारा: हिच्यात मी बसणार आहे की उभा राहणार आहे? मॅजिक किंगडमची रेल्वे चालू असेल तर ती पार्कला दीड मैलाची फेरी मारते, आणि तुम्ही फक्त बाकावर बसलेले असता. पीपलमूव्हर ही उंचावरून जाणारी छोटी गाडी तिथल्याच टुमॉरोलँड या भागावरून सावकाश नेते. एपकॉटमधली लिव्हिंग विथ द लँड ही हरितगृहांतून जाणारी बोट आणि अमेरिकन ॲडव्हेंचरचा अर्ध्या तासाचा बसून बघायचा कार्यक्रम, ॲनिमल किंगडममधला लायन किंगचा कार्यक्रम, यांसारखा विसावा नाही. स्पेस माउंटन ही रोलर कोस्टर शर्यती संपेपर्यंत ठेवून द्या. त्यातली बैठक फार खाली असते, आणि हाफनंतर भरून आलेल्या मांड्यांनी त्यातून उठणं म्हणजे दोन हातांनी स्वतःला उपसून काढणं. शक्य ते सगळं खाणं डिस्नेच्या ॲपवरून आधी मागवा, रांगेत उभं राहायला नको. जाण्याआधी ॲपमध्ये ती राइड त्या दिवशी चालू आहे ना, तेही बघा. दुरुस्तीसाठी एखादी बंद असतेच.

आणि एक जुनी गंमत: मार्ग ॲनिमल किंगडममधून जात असेल आणि तोवर पार्क उघडलेलं असेल, तर फुल मॅरेथॉन धावता धावता काही जण थांबून एक्स्पिडिशन एव्हरेस्ट या रोलर कोस्टरमध्ये बसून येतात. ज्यांच्या मागे बलून लेडीज खूप लांब आहेत, त्यांनी जरूर करावं. मार्ग दरवर्षी थोडा बदलतो, नवा नकाशा बघूनच बेत करा.

शर्यतीची पहाट

कपडे, बिब, पिना, एनर्जी जेल, सगळं आदल्या दिवशी दुपारीच खुर्चीवर मांडून ठेवा. थंडी असेल तर वर एखादा जुना स्वेटर घाला. कॉरलमध्ये दोन तास थांबताना तो लागतो, आणि सुटताना तिथेच काढून ठेवता येतो. हे कपडे पुढे दान केले जातात. खाली बसायला एखादी मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या. त्या दोन तासांत उभं राहू नका, जमिनीवर बसा.

हवामानाचा भरवसा नाही. ७ जानेवारी २०१७ ची हाफ विजांमुळे रद्द झाली होती, आणि धावायला आलेल्या कित्येकांनी आपापल्या हॉटेलच्या आवारात फेऱ्या मारून १३.१ मैल पुरे केले. २०२४ च्या जानेवारीतली हाफ वादळामुळे साधारण ७ मैलांवर आणली गेली. पहाटे उठल्याबरोबर आधी अधिकृत सूचना बघा, मग बूट घाला. मार्गावर रंगांच्या झेंड्यांनी उष्णतेची पातळी दाखवतात. पिवळा, लाल दिसला की वेळेचा हट्ट सोडून वेग कमी करा.

पाय, पोट, औषधं

बुटांचे दोन जोड न्या, एक धावायचा आणि एक पार्कचा, दोन्ही वापरून मुरलेले. पार्कमध्ये पाऊस आला तर ओले मोजे लगेच बदला. एक जोडी पिशवीत कायम असू द्या. ओल्या मोज्यातली दुपार म्हणजे फोड, आणि शुक्रवारी आलेला फोड रविवारी २० व्या मैलावर बोलायला लागतो. मांड्यांना, काखेत, पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन, तेही रोज, फक्त मोठ्या शर्यतीला नाही.

शर्यती संपेपर्यंत घरी सराव करताना खात होतात तेच खा. महोत्सवातले नवे पदार्थ रविवारनंतर. पाणी दिवसभर घोट घोट प्या, पण नुसतं पाणीच ढोसू नका. मीठ आणि इलेक्ट्रोलाइटशिवाय अति पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शर्यतीच्या आधी किंवा धावताना घेऊ नका, लांब अंतरात मूत्रपिंडांवर ताण येतो. आधीच कुठलं औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बरोबरच्या माणसांचं काय

न धावणाऱ्या घरच्यांना तुमच्या झोपेच्या वेळापत्रकात बांधून ठेवू नका. पहिल्याच दिवशी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला: संध्याकाळी सातनंतर तुम्ही नाही. आतषबाजी त्यांनी बघावी, तुम्ही सोमवारी. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. तुम्ही धावून येऊन झोपलेले असताना त्यांच्या मोठ्या राइड होऊन जातात, आणि दुपारी एक वाजता तुम्ही त्यांना गाठता. सगळे खूश असतात. रोज मात्र सगळ्यांनी मिळून एक जेवण ठरवा, पाच वाजताचं. टेबल ६० दिवस आधी राखता येतं, आणि त्या वेळेला मिळतंही.

टाळ्या वाजवायला यायचं असेल तर त्यांना एकाच दिवशी बोलवा, शेवटच्या. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर पहाटेच्या अंधारात दिव्यांत न्हालेला किल्ला, दोन्ही बाजूंना लोक, आणि त्यांत आपलं माणूस. मी तिथे दरवर्षी रडते.

सोमवार

रविवारी फुल संपल्यावर गरम टबात शिरू नका. आधी काहीतरी खारट खा, थोडं चाला, थंड पाण्यात पोटऱ्या बुडवा, झोपा. संध्याकाळी वाटलं तर पार्कमध्ये तासभर, नाहीतर नाही.

सोमवारी पदक घालून जा. पहिल्यांदा संकोच वाटतो, पण प्रवेशद्वारापाशीच दिसतं की पार्कमधली निम्मी माणसं जिना उतरताना कठडा धरून उतरत आहेत आणि सगळ्यांच्या गळ्यात पदकं आहेत. तिथले कर्मचारी थांबवून अभिनंदन करतात, कोणती शर्यत विचारतात. रांगेत पुढे-मागे उभ्या अनोळखी माणसांशी पंधरा मिनिटांत मैत्री होते. त्या दिवशी स्पेस माउंटनला जा, एपकॉटमध्ये एकेका देशात थांबत खा. संध्याकाळी मॅजिक किंगडमला परत या, किल्ल्यासमोर आतषबाजीच्या तासभर आधी जागा धरा, आणि जमिनीवर बसा. मंगळवारी सकाळी गजर नाही. विमान दुपारचं घ्या.